पहिल्या जोडीतली रिकामी जागा

मामा गेल्याचा फोन मामीनंच केला. मी तेव्हा हिंगोलीला शाळेत नववीच्या वर्गावर होते आणि फळ्यावर अर्धं वाक्य लिहून झालं होतं. मामी फोनवर एरवी ओरडून बोलते. वसमतहून हिंगोलीपर्यंत आवाज पोचवायचा तर जोर लावावाच लागणार, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी मात्र हळू बोलली. "नंदे, तुझा मामा गेला गं सकाळी. चहा पेला, कप उपडा ठिवला आन् गेला." मी नुसतीच "मामी... मामी..." करत राहिले. तर तीच म्हणाली, "रडनं मंग रड. येताना तो टेप घेऊन ये. आन् सेल नवे टाक त्यात. जुने असले की माझा आवाज बाप्यावानी येतो."

आता ही टेपची काय भानगड, हे सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. वाचणाऱ्यांना खोटं वाटेल, पण आमच्या वसमतच्या वस्तीत चौदा-पंधरा वर्षं दर रविवारी सकाळी स्कॉटलंडच्या खेड्यातले नाच चालायचे. माझी माय, माझे बाबा, थोरले काका, काकू आणि मी असे सगळे नाचायचो. नाचवणारे माझे मामा, रिटायर हवालदार पुंडलिकराव, म्हणजे मायचे सख्खे भाऊ. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

मामा लष्करात बँडमध्ये होते. काखेत कातडी पिशवी, तिला लावलेल्या नळ्या आणि तोंडात फुंकणी, असं ते वाद्य. त्याला शहरात बॅगपाइप म्हणतात. आमच्याकडं त्याला पहिल्या दिवसापासून 'पखालीचा बाजा' नाव पडलं ते पडलंच. डोंगरातल्या कुठल्याशा छावणीत मामांची बरीच वर्षं गेली. तिथं एका म्हाताऱ्या साहेबाची विलायती बायको दर शनिवारी अफसरांना आणि त्यांच्या बायकांना आपल्या मुलखातले नाच शिकवायची. वाजवायला मामा. आठ माणसं लागायची, चार जोड्या. एखादा अफसर आला नाही, की बाई मामांना बाजा खाली ठेवायला लावून रांगेत उभं करायची, आणि मग तबकडी लावायची. मामांनी ते सगळं एका वहीत उतरवून घेतलं होतं. बाप्या म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि मधून बाणच बाण. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती वही लढाईच्या नकाशांची वाटली होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मामा पेन्शन घेऊन घरी आले. फौजेतून परत आलेली माणसं किराणा दुकान टाकतात, नाहीतर कारखान्यावर वॉचमन होतात. मामांनी समाजमंदिराच्या भिंतीवर कागद चिकटवला : 'रविवारी सकाळी सात वाजता शिकवणी. बूट पाहिजेत. शिस्त पाहिजे.' कशाची शिकवणी, ते लिहायचं राहिलं. पंधरा-वीस तरणी पोरं आली. त्यांना वाटलं, भरतीची तयारी. मामांनी त्यांना सावधानमध्ये उभं केलं, छाती मोजल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "आता अर्ध्यानं बाया व्हायचं." पाच मिनिटांत समाजमंदिरासमोर एक चप्पल राहिली नाही.

मग मामांनी नातेवाइकांना हुकूम सोडले. बहीण म्हणून माझी माय आली आणि मेव्हणा म्हणून बाबांना यावंच लागलं. बाबा मोंढ्यात हमाल. हळदीची पोती वाहून पायांत ताकद अशी, की उडी मारली तर फरशी दणाणायची. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे थोरले काका, 'धाकट्याला काय करून राहिलेत ते बघावं' म्हणून आले आणि काकूंनी त्यांना मागून ढकललं. मी तेव्हा कॉलेजात होते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेलं कुणीच नव्हतं, त्यामुळं माझं नाक तेव्हा जरा वरच असायचं, आजही आहे. कॉलेजच्या पोरीनं परक्या पोराबरोबर नाचायचं तर वस्तीनं जगू दिलं नसतं. म्हणून माझी मैत्रीण शोभा बाई झाली आणि मी बाप्या. पुढं सगळी वर्षं मी बाप्यांच्याच रांगेत नाचले. माझ्या लग्नाच्या वेळी नवऱ्याकडच्यांना हे कुणीतरी सांगितलं आणि दोन दिवस बोलणी अडली होती...

तर अशा तीन जोड्या झाल्या. चौथी, म्हणजे नंबरानं पहिली, मामांची स्वतःची. त्यांच्यासमोर उभी राहणार होती कौसामामी. तिनं लुगडं खोचलं होतं, पोरांच्या मनगटाला बांधतात तशी घुंगरं लेकीकडून आणून पायात घालावीत का, असंही मला विचारलं होतं. म्हणजे तयारी होती. आणि पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, मामांनी तोंड उघडलं. फार बोलणारा माणूस नव्हता, बोलायचंच होतं तर नेमकं त्याच दिवशी बोलायला नको होतं. "भ्यायचं काही काम न्हाई," मामा म्हणाले, "मी बी असाच शिकलो. मेमसाबनं हात धरून शिकवलं."

मामी जागची हलली नाही. "हात धरून?"

"मंग? हात धरल्याबिगर हा नाच होतच न्हाई."

"मी इकडं लोकांच्या रानात हळद काढून राहिले व्हते. तीन लेकरं संगं घेऊन. कोपरापोत्तर पिवळी व्हायची मी. आन् तुमी तिकडं मेमसाबचा हात धरून नाचत व्हता?"

"अगं, हातमोजे असतेत त्यायच्या हातात!"

"मंग बराबर हाय," मामी म्हणाली. "हातमोजे व्हते म्हनं." आणि लुगड्याचा खोचा सोडून ती बाजूच्या दारातून निघून गेली. समाजमंदिराला दोन दारं. एक रस्त्याकडं, मोठं, आणि दुसरं बाजूचं, छोटं, मामांच्या अंगणात उघडणारं. त्या छोट्या दाराच्या उंबऱ्यावर ती सूप घेऊन बसली आणि तांदूळ पाखडायला लागली. "ज्या बाईसंगं शिकलात तिला बोलवा," एवढंच म्हणाली. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं, दर रविवारी, मामी त्याच उंबऱ्यावर बसली. कधी तांदूळ, कधी मूग, कधी लसूण. आत पाय टाकला नाही.

मामांनी दुसऱ्या कुणाला त्या जागी घेतलं नाही. शोभाची वहिनी यायला तयार होती, एक नर्सबाई होत्या. "जागा भरलेली हाय," म्हणायचे. रिकाम्या जागेसमोर उभे राहायचे आणि तिच्याबरोबरच नाचायचे. पहिल्या जोडीनं हात धरून दोन रांगांच्या मधून खाली जायचं आणि परत वर यायचं असतं. मामा उजवा हात हवेत धरून ताठ मानेनं खाली जायचे, परत यायचे. वळताना त्या न दिसणाऱ्या बाईला वाट द्यायचे. कुणी चुकून तिच्या अंगावर गेलं तर ओरडायचे, "धक्का लागून राहिला तिला!" थोरल्या काकांनी त्या जागेला नाव ठेवलं, 'मेमसाबची जागा'. हळूहळू सगळेच तसं म्हणायला लागले. मामीच्या कानावर ते जायचं आणि सुपाचा आवाज मोठा व्हायचा.

शिकवणी काय सोपी नव्हती. दुसऱ्याचा हात धरायचा म्हणजे आमच्याकडं पंचाईत. माझ्या मायनं थोरल्या काकांसमोर कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता, ते तिचे भासरे, आणि आता त्यांचा हात धरून गोल फिरायचं! पहिल्या वेळी ती त्यांच्यापर्यंत आली, थांबली, वाकून पाया पडली आणि पुढं गेली. तिच्यामागून शोभा आली. तिला वाटलं, असंच असतं, तीही पाया पडली. काका बिचारे आशीर्वाद देत उभे. मामांनी डोक्याला हात लावला आणि मग तोड काढली ती दस्तीची. हात धरायचाच नाही, रुमालाची दोन टोकं दोघांनी धरायची. त्या दस्त्या बाबांच्या मोंढ्यातल्या हातांनी कायमच्या पिवळ्या झाल्या. त्या दिवसापासून मामाही आपली दस्ती हवेत धरायला लागले. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं लोंबतं.

एकदा मामा म्हणाले, दोन माणसांच्या मधून आठाचा आकडा काढत फिरा. त्यांच्या डोक्यात विलायती आठ, दोन बंद वेटोळ्यांचा. बाबा साक्षरतेच्या वर्गात मराठी आकडे शिकलेले. त्यांनी वरून सुरुवात केली, एक वळण घेतलं, खाली आले आणि सरळ मोठ्या दारातून रस्त्यावर गेले. बराच वेळ आलेच नाहीत. बघायला गेले तर बाहेर उभे. म्हणाले, "आकडा इथंच संपते. पुढं काय करू?" मी बी.ए.ची विद्यार्थिनी, मी फळ्यावर दोन्ही आठ काढून समजावून सांगितले. बाबा म्हणाले, "मंग आधी सांगायचं व्हतं, की विंग्रजीतून चालायचं."

आणि नमस्कार. नाच सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर बाप्यानं आपल्या समोरच्या बाईला कमरेत वाकून नमस्कार करायचा, हा त्या नाचाचा कायदा. इथं सगळं अडलं. थोरले काका म्हणाले, "काहीही सांगा, हवालदार. उड्या मारतो. पन बायकोपुढं वाकनार न्हाई. लोकं तोंडात शेण घालतील." बाबाही वाकले नाहीत. मी वाकायचे, पण मी काय, खोटा बाप्या. खरे वाकायचे ते एकटे मामा. टाचा जुळवून, पाठ सरळ ठेवून, रिकाम्या जागेला. दाराकडून आवाज यायचा, "वाका, वाका मेमसाबला. कंबर धरंल तवा शेकायला मीच हाय."

फरशीवरच्या खुणांचं सांगायचं राहिलं. कुणी कुठं उभं राहायचं ते दर रविवारी चुकायचं, म्हणून मामांनी एका सुट्टीत ताटली पालथी ठेवून लाल ऑइलपेंटनं आठ गोल काढले. चार बाप्यांचे, समोर चार बायांचे. मी बघितलं तर गोलांच्या दोन्ही रेघा तिरप्या. मला राहवेना. मी दोरी घेऊन मोजलं. "मामा, तुमची रांग वरच्या टोकाला भिंतीपासून दोन हात आहे आणि खालच्या टोकाला तीन. तुम्ही फौजेतले, आणि रेघ अशी?"

"बराबर हाय," मामा म्हणाले.

"बराबर कसं? मोजून दाखवते ना."

"रेघ भिंतीकडं बघून न्हाई मारत, नंदे. समोर कोन हाय ते बघून मारतेत."

मला वाटलं, हवालदाराला चूक कबूल करायची नाही. शिकलेल्या माणसाला असं पटकन वाटतं. मी पुढं कितीतरी वर्षं त्या रेघांची थट्टा केली.

राहता राहिलं संगीत. मामा वाजवायला बसले तर नाचणार कोण, आणि नाचले तर वाजवणार कोण? म्हणून त्यांनी अंगणात बसून स्वतःचंच वाजवणं टेप केलं. पखालीचा बाजा जवळून ऐकला नसेल तर सांगते, त्याचा आवाज पंचवीस माणसांचा असतो. नेमकी धारेची वेळ. टेपवर छान सूर चाललेत, चाललेत, आणि मधेच मामी येते : "अवो, बंद करा ते! म्हस पान्हा चोरून राहिली!" पाठोपाठ म्हैस हंबरते. पण मामा थांबत नाहीत, तसंच रेटून पूर्ण करतात. मी म्हटलं, दुसरी कॅसेट करू. मामा म्हणाले, "काहून? ठेका कुठं चुकला?" झालं, तीच कॅसेट कायम झाली. आणि गंमत अशी, की जिथं मामी ओरडते, बरोबर तिथंच दोन्ही रांगांनी एकमेकांच्या जागा बदलायच्या असतात. आम्हाला सुरांतलं काय कळत होतं? आम्ही मामीच्या ओरडण्यावर वळायचो आणि म्हशीच्या हंबरण्यावर थांबायचो. उंबऱ्यावर खरी मामी, टेपमध्ये दुसरी मामी. काकू म्हणायच्या, "कौसाबाई नाचत न्हाईत, पन नाचवतेत त्याच."

शिकवणी झाली की सगळ्यांना मुरमुऱ्याचा सुशीला आणि चहा. करणारी मामीच. नाचाशी तिचा राग होता, नाचणाऱ्यांशी नव्हता. वस्तीत लग्न असलं की मामांना बोलावणं यायचं आणि वरातीत टेप लावून आम्ही चार जोड्या, म्हणजे साडेतीन, नाचायचो. मामांनी फौजेतून चौकटीची एक भारी लोकरी शाल आणली होती, बँडवाल्यांची. वरातीसाठी ती शोधायला गेले तर मामीनं म्हशीच्या वगारीला पांघरलेली. "तिला थंडी वाजत व्हती," मामी म्हणाली. "मेमसाबची हाय का ती?" मी बी.ए. पास झाले तेव्हा मामांनी तीच शाल खांद्यावर टाकून बसस्टँडपासून घरापर्यंत बाजा वाजवत माझ्यापुढं चालत मला आणलं. लोक दुकानांतून बाहेर येऊन विचारायचे, कोण निवडून आलं? बाबा पोती वाहताना मान खाली घालून चालायचे. त्या दिवशी मी त्यांची मान पहिल्यांदा सरळ बघितली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. आज कुणी विचारलं, तर तसली मिरवणूक मला पुन्हा पाहिजे.

मग हिंगोली जिल्हा झाला. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, कसले ना कसले कार्यक्रम सारखे. एका कार्यक्रमात आम्हाला बोलावणं आलं. सांगणाऱ्या बुवानं माईकवर जाहीर केलं, "आता वसमतचे कलाकार सादर करतील, विलायती लेझीम!" पुढं खुर्च्यांवर साहेब लोक, त्यांच्या बायका. मामीही आली होती. 'म्हशीचं बघायला सून हाय' म्हणत. ती पुढच्या सतरंजीवर बसली होती, बरोबर एका साहेबांच्या बायकोच्या खुर्चीसमोर. टेप स्पीकरला लावला, आम्ही उभे राहिलो, सूर सुरू झाला, पहिल्या चार उड्या झाल्या आणि लाइट गेली. टेपमध्ये सेल नव्हते. सेल घरी विजेरीत.

मामा क्षणभर थांबले. मग रांगेतून बाहेर आले, कडेला ठेवलेला बाजा काखेत मारला आणि खूण केली, पहिल्यापासून. आता पहिल्या जोडीत बाईही नाही आणि बाप्याही नाही. दोन रिकाम्या जागा सगळ्यांच्या पुढं, आणि त्यांना सांभाळत आम्ही तीन जोड्या. लोक एकमेकांना विचारायला लागले. तरी जमत होतं. आणि वळायची जागा आली... आणि मामी ओरडली नाही. कशी ओरडणार? ती तर टेपमध्ये. आम्ही सहाच्या सहा जण जागच्या जागी उड्या मारत राहिलो. काकू दातओठ खाऊन म्हणाल्या, "वळा की!" काका घामानं भिजलेले, "कशावर वळू? म्हस कुठंय?" मामा वाजवत होते, डोळे मोठे करत होते, तोंडात फुंकणी, बोलता येत नव्हतं.

आणि सतरंजीवरून कौसामामी उठली. पदर खोचला. अख्ख्या जिल्ह्याच्या साहेबांसमोर, जसं अंगणातून ओरडायची तशीच ओरडली, "अवो, बंद करा ते! म्हस पान्हा चोरून राहिली!"

आम्ही वळलो. सगळे एकदम, बरोबर. एक पोलीस मामीला बाहेर काढायला धावला, त्याला वाटलं कार्यक्रम बंद पाडायला आली. तिनं त्याला हातानं थांबवलं, "थांब जरा," आणि नेमक्या वेळी हंबरलीसुद्धा. मंडप फुटायचा तेवढा बाकी राहिला. टाळ्या थांबेनात. नाच संपला तसे मामा पुढं आले, टाचा जुळवल्या आणि बाजा काखेत असतानाच कमरेत वाकले. पिशवी दाबली गेली आणि उरलेला सगळा वारा रेकत बाहेर पडला. थोरले काका इतके घाबरलेले होते, की मामा करतील ते करायचं एवढंच त्यांना कळत होतं. तेही वाकले. काकूंपुढं. सगळ्या जिल्ह्यासमोर! काकूंनी ती गोष्ट पुढं प्रत्येक हळदी-कुंकवाला सांगितली.

परतीच्या एस.टी.त मी मामा-मामींच्या मागच्या सीटवर होते. औंढा गाव मागं पडलं. मग मामी म्हणाली, "कोनाला वाकला व्हता?"

"ज्याला वाकायचं त्याला."

"मागं खुर्चीवर बसली व्हती त्या साहेबीनीला. गोरी व्हती."

पुढच्या स्टँडवर मामा उतरले, शेंगांची पुडी घेऊन आले आणि मामीच्या मांडीवर ठेवली. मामीनं एकेक सोलली आणि अर्ध्या त्यांना दिल्या. मला वाटलं, आता मिटलं. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा उंबऱ्यावर आणि मामा पुन्हा रिकाम्या जागेसमोर. दोघंही आमच्याच घरातली, हट्टाला कमी कशी असतील.

नंतर माणसं पांगली. शोभा लग्न होऊन आखाडा बाळापूरला गेली, मी हिंगोलीला शिक्षिका झाले. बाबांचे गुडघे पोत्यांनी खाल्ले. मामांचा दम कमी झाला आणि बाजा खुंटीला लागला. तरी रविवार बंद पडला नाही. कधी चौघं, कधी तिघं, कधी नुसते मामा आणि टेप. मामा जाण्याआधी तीन आठवडे मी वसमतला गेले होते, तेव्हा ते आपल्या गोलावर खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यावर दस्ती. टेपचा पट्टा सैल झाला होता. "हिंगोलीला दुरुस्त करून आण," म्हणाले. मग बसल्या बसल्याच समोर वाकले. दारातून आवाज आला, "पडाल! खुर्चीसगट पडाल मेमसाबच्या पायावर!" मामा हसले. मी त्यांना तेव्हा शेवटचं हसताना बघितलं.

तर टेप घेऊन मी वसमतला पोचले. सेल नवे टाकले होते. मामीच्या हुकमावरून मातीच्या वेळी तो लावला. सगळी वस्ती जमलेली, बाया रडत होत्या, त्रिशरण झालं आणि मामांचा बाजा सुरू झाला. रडणं आणखी वाढलं. आणि मग मधेच, "अवो, बंद करा ते! म्हस पान्हा..." माय, बाबा, काका, काकू, बाळापूरहून आलेली शोभा आणि मी, सहाही जण अर्धे वळलो. पायांना सवय. लोक आधी चपापले आणि मग रडता रडता हसायला लागले. एवढे हसलेले लोक मी कुणाच्या मातीला पाहिले नाहीत. मामी हसली नाही. ती टेपकडं बघत होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं समाजमंदिरातच झाली. पंगती उठल्या, पाहुणे गेले. मी पत्रावळी गोळा करत होते, मामी झाडत होती. एकाएकी झाडूचा आवाज थांबला म्हणून मी वळून बघितलं. मामी लाल गोलावर उभी होती. बाप्यांच्या रांगेतल्या पहिल्या, मामांच्या. टाचा जुळवून, त्यांच्यासारखी ताठ. आमच्यापैकी कुणालाही त्यांनी त्या गोलावर कधी उभं राहू दिलं नव्हतं.

"काय झालं, मामी?"

"काही न्हाई. बघून राहिले. इथून काय दिसत व्हतं त्यायला."

"काय दिसतं?"

तिनं झाडूनं समोर दाखवलं. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले आणि तिच्या खांद्यावरून बघितलं. समोर तो रिकामा गोल, आणि त्याच्या बरोबर मागं, नाकासमोर, बाजूचं छोटं दार. उंबरा. उंबऱ्याला टेकवून ठेवलेलं तिचं सूप. रेघ भिंतीला समांतर असती तर समोर नुसती भिंत आली असती.

"हजारदा झाडलं म्या हे," मामी म्हणाली. "झाडताना मान खाली असती गं."

मग तिनं डोळे पुसले नाहीत, काही नाही. झाडू दुसऱ्या हातात घेतला आणि मला विचारलं, "रेघ तिरपी हाय म्हनत व्हतीस न तू?"

"हो, मामी."

"बराबर हाय ती."